पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेतल्या टॅब आणि लॅपटॉपवर लॉगिन कसं द्यावं?

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्याच वर्गाची गोष्ट वाचतेय असं वाटलं. १० टॅब आणि ४ जुने लॅपटॉप देणगीत मिळालेत, पहिली-दुसरी मिळून ३४ मुलं आहेत, पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नाही आणि ३५ मिनिटांच्या तासातली २० मिनिटं नुसतं उघडून देण्यात जातात, असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं की सगळ्यांना एकच, हा तुमचा प्रश्न. मी नाशिकला पंचवटीत एका मराठी शाळेत शिकवते, आमच्याकडे कॉम्प्युटरचं जे काय असतं ते माझ्याकडेच येतं, त्यामुळे हे सगळं दोन वर्षं करून बघितलंय.

आधी एक विचारते, लॉगिन खरंच कशाकशाला लागतंय ते एकदा कागदावर लिहून काढलंय का? आम्ही लिहिलं तेव्हा कळलं की या वयाला फारच कमी ठिकाणी लागतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ बघायला लॉगिन लागत नाही, पाहुणा म्हणून चालतं. गूगलचं रीड अलाँग, म्हणजे २०१९ मध्ये बोलो नावानं आलं होतं ते, मूल मराठीत मोठ्यानं वाचतं आणि ते ऐकतं, तेही आम्ही लॉगिन न करताच वापरतो. चित्रं काढायला टक्स पेंट, छोट्या खेळांना जीकॉम्प्रिस, दोन्ही फुकट आणि दोन्हीला खातं नको. मग लॉगिन उरतं कशाला, तर कालचं अर्धं राहिलेलं चित्र आज त्याच मुलाला परत मिळावं याला. आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच खातं होतं, दुसरीतल्या एका मुलानं तीन दिवस खपून घाटावरच्या पुराचं चित्र काढलेलं, पाण्यात बुडालेला दुतोंड्या मारुती आणि वर पूल, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी ते उघडून त्यावरच रंग ओतला. तो मुलगा त्या दिवशी कुणाशी बोलला नाही. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की एकच खातं बंद.

पण वेगळं खातं म्हणजे वेगळा पासवर्ड असं नाही, इथंच सगळे अडकतात. तुमचं गणित बघा. ३४ मुलांचे तीन गट करा, १२, ११ आणि ११. एका वेळी एकच गट मशीनवर, बाकीचे दोन वहीपाटीवर किंवा वाचनकोपऱ्यात. १० टॅब आणि २ लॅपटॉप म्हणजे १२ जागा झाल्या, प्रत्येक जागेवर तीन यूजर, म्हणजे ३६ खाती, तुमची सगळी मुलं बसली आणि दोन उरली. राहिलेल्या दोन लॅपटॉपपैकी एक तुम्हाला आणि एक राखीव, कारण काहीतरी बंद पडणारच. आता प्रत्येक मुलाला दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्यात, माझा टॅब कितवा आणि माझं चित्र कोणतं. पासवर्ड नाहीच.

चित्रांवर मात्र वेळ द्या. आम्ही आपल्याकडचंच घ्यायचं म्हणून द्राक्षं, कांदा आणि डाळिंब ठेवलं, छान वाटलं, आणि पहिल्याच तासाला निम्मी मुलं चुकीच्या खात्यात. टॅबवर यूजरचं चित्र एवढ्याशा गोलात दिसतं आणि त्या गोलात कांदा आणि डाळिंब सारखंच दिसतं, लालसर, गोल, वर शेंडी. मग डाळिंब काढून बिबट्या टाकला. हिरवी द्राक्षं, गुलाबी कांदा, पिवळा बिबट्या, तेव्हापासून घोळ नाही, आणि बिबट्या गटात जायला तर भांडणं होतात. रंग वेगळा, आकार वेगळा आणि मुलानं रोज बघितलेली वस्तू, एवढं जमलं की झालं.

टॅबवर हे करायला सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी यूजर्स असं टाका, कंपनीनुसार कुठं सिस्टीममध्ये असतं कुठं अकाउंट्समध्ये. काही टॅबमध्ये कंपनीनं हा पर्याय काढूनच टाकलेला असतो, तसं असेल तर त्या टॅबवर एकच खातं ठेवून प्रत्येक मुलाचं काम त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावं लागतं, तेवढे टॅब मग फक्त वाचनाला ठेवा. पर्याय असेल तर मुख्य यूजर तुमचा, त्याला पक्का पिन, आणि बाकी तीन यूजर मुलांचे, त्यांना कुलूप नाही. मुलांचे तीनच्या वर करू नका, ३२ जीबीच्या टॅबला मुलांच्या चौथ्या यूजरला धाप लागते. प्रत्येक यूजरची भाषा वेगळी ठेवता येते, तेव्हा मुलांचे तिन्ही मराठीत करून टाका.

आता ॲपचं. प्रत्येक यूजरमध्ये ॲप वेगळं टाकावं लागतं आणि प्ले स्टोअरला खातं लागतं, तर त्यासाठी शाळेचं म्हणून एक वेगळं गूगल खातं काढा, मुलांच्या यूजरमध्ये त्यानं लॉगिन करा, हवी ती चार ॲप टाका आणि मग ते खातं तिथून काढून टाका. ॲप तशीच राहतात आणि मुलांच्या हाताला मेल, प्ले स्टोअर काही लागत नाही. पुढे तुमच्या मुख्य यूजरमधून ॲप अपडेट केलं की तिघांनाही नवीनच मिळतं. स्वतःचं घरचं जीमेल मात्र कधीच टाकू नका, मी घाईत टाकलं होतं आणि एका मुलीनं वर्गात माझ्या भाच्याच्या मुंजीचे फोटो उघडून सगळ्यांना दाखवले, ते सिंक होऊन आपोआप टॅबवर आले होते. आणि शाळेच्या खात्याला मोबाईल नंबर कुणाचा द्यायचा ते नीट ठरवा, आमच्याकडे मुख्याध्यापकांचा दिला होता, ते मीटिंगला आणि ओटीपी त्यांच्या खिशात, दोन तास वाया गेले.

ॲप पिन करायची, म्हणजे स्क्रीन एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय सिक्युरिटीमध्ये असते, तीही चालू करा. वाचनाचा तास असेल तर रीड अलाँग पिन केलं की मूल त्यातून बाहेर पडून कॅमेऱ्यात जात नाही. अजून एक, टॅब शक्यतो बंद करू नका, नुसती स्क्रीन मालवा, कारण बंद करून चालू केला की बहुतेक टॅबवर आधी तुमचं यूजर येतं आणि दहा टॅबवर दहा वेळा पिन टाकत फिरावं लागतं.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल, ते न देता लोकल, म्हणजे त्या लॅपटॉपपुरतं खातं करा, अदर यूजरमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा असा पर्याय असतो. तिथं पासवर्डची जागा कोरी सोडा. कोरी सोडली की ते तीन सुरक्षा प्रश्नही विचारत नाही आणि मूल आपल्या चित्रावर क्लिक करून सरळ आत जातं. कोऱ्या पासवर्डची भीती वाटेल, पण असं खातं त्या लॅपटॉपसमोर बसूनच उघडता येतं, नेटवर्कवरून विंडोज ते उघडू देत नाही. फक्त ते स्टँडर्ड यूजर हवं, ॲडमिन, म्हणजे सेटिंग्ज बदलू शकणारं, नको, आणि तुमच्या ॲडमिन खात्याला दणकट पासवर्ड हवा.

नावाचं एक बारकं आहे. मुलांना नाव देवनागरीत दिसायला हवं, पण खातं करतानाच देवनागरीत नाव दिलं तर विंडोज त्याच नावाचं फोल्डर बनवतं आणि काही जुनी सॉफ्टवेअर त्या फोल्डरवर अडखळतात. म्हणून आधी इंग्रजीत साधं नाव देऊन खातं करा आणि नंतर कंट्रोल पॅनलमधून ते बदलून 'कांदा' करा, फोल्डर इंग्रजीतच राहतं आणि स्क्रीनवर मराठी दिसतं. लॅपटॉप फारच जुने असतील आणि विंडोज १० वर असतील तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ चढत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून घ्या, ओळखीतला इंजिनीअरिंगचा एखादा मुलगा एका दुपारी करून देईल.

आता पिन. दिवाळीनंतर दुसरीची मुलं स्वतःच म्हणायला लागतात, बाई मला कुलूप पाहिजे, आणि मला वाटतं तेव्हा द्यावं, आपलं आपण उघडता आलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण इथं मी एक महिना चुकले आणि का चुकतंय तेच कळत नव्हतं. एका मुलीचा पिन एकपासून सुरू होत होता. ती रोज शांतपणे बोट फिरवून नेमका नऊ दाबायची. मी म्हटलं अगं एक दाब, तर म्हणाली, बाई एकच दाबलाय. मग मी तिच्या शेजारी बसून तिच्या वहीकडे बघितलं. वहीत देवनागरी १ आहे, आणि कीबोर्डवर त्याच्यासारखा दिसणारा आकडा कोणता, तर इंग्रजी नऊ. तिचं काहीच चुकलं नव्हतं! चाराचंही तसंच, ४ शोधताना मुलं इंग्रजी आठावर जातात, वरून उघडा की बंद एवढाच फरक. तुमच्याकडे सेमी इंग्रजी, म्हणजे गणित इंग्रजीत असेल तर हा त्रास कमी, पण पूर्ण मराठी माध्यमात पहिली-दुसरीच्या मुलाचे आकडे हे देवनागरीच असतात आणि मशीनचे नसतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

यावर उपाय सोपा निघाला. शून्य, दोन आणि तीन हे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतात. या तीनच आकड्यांतून चार आकडी पिन केले तर ८१ होतात, तुमच्या ३४ मुलांना पुरून उरतात. आम्ही आता सगळे पिन त्यातूनच देतो. कुणी म्हणेल हे कच्चं कुलूप आहे, तर आहेच, पण आत चित्रं आणि वाचनाच्या खेळाचे तारे आहेत, त्याला हे पुरे.

आणि पिन सांगताना जोडून सांगू नका. तेवीस म्हटलं की मुलाच्या कानावर आधी तीन पडतो आणि ते आधी तीन दाबतं, मराठीत एकक आधी बोलतो ना आपण. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसला वीस तीन म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, त्या वादात पडत नाही, पण पिन सांगताना मात्र दोन, तीन, शून्य, दोन असं सुटं सुटंच सांगा. लॅपटॉपवर उजवीकडच्या आकड्यांची पट्टी असेल तर नम लॉकही बघा, ते बंद असलं की मूल दाबत राहतं आणि काहीच उमटत नाही, आणि मग सगळ्यांना वाटतं पिनच चुकलाय.

प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा, पत्त्याच्या आकाराचं, वर टॅबचा नंबर देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्ही, मध्ये चित्र, मागे पिन. टॅबच्या पाठीवरही तसाच स्टिकर. आम्ही शालिमारला लॅमिनेशन करून घेतली, साधी चिकटपट्टी लावलेली आठवडाभरात चुरगळतात. कार्डावर फक्त पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख, आधार, सरल या सरकारी पोर्टलवरचा नंबर काही नाही. कार्डं शाळेतच भिंतीवरच्या कप्प्यात राहतील, घरी नाही, आणि त्यांचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, हे आमच्याकडे एका उत्साही पालकांना दोनदा सांगावं लागलं.

गूगलची शाळांसाठीची खाती काढा असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय ना. त्यातला फंडामेंटल्स नावाचा प्रकार पात्र शाळांना फुकट आहे आणि चांगलाही आहे, मेल बंद ठेवता येतो, काय उघडायचं काय नाही ते शाळा ठरवते. पण त्याला शाळेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता लागतो आणि पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा, आणि सहा वर्षांच्या मुलाला ८ अक्षरं म्हणजे पुन्हा तेच पाढे पंचावन्न. ते पाचवीपासून करा. आणि कुठंही मुलांच्या नावानं ऑनलाइन खातं काढणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि पालकांची संमती मागितलीय. पालकसभेला फॉर्म ठेवला की काम होतं, फक्त फॉर्ममध्ये काय वापरणार आणि कशासाठी ते सोप्या मराठीत लिहा, सही करणाऱ्या आईला कळलं पाहिजे.

सगळे टॅब एकदम सुरू करू नका. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर तीन मुलांना थांबवा, एक चटपटीत, एक मधलं आणि एक जे सगळ्यात हळू आहे ते, आणि त्या तिसऱ्याला तुम्ही हात न लावता उघडता येतंय का ते बघा. त्याला जमलं की वर्गाला जमतं. तुमचे टॅब कोणत्या कंपनीचे आहेत आणि त्यात यूजर्सचा पर्याय दिसतोय का तेवढं बघून इथंच लिहा, मी त्याप्रमाणे पुढचं सांगते.