वाचकांचे प्रश्न : कन्याशाळेच्या प्रयोगशाळेसाठी

प्रश्न : तालुक्याच्या गावातील एका अनुदानित कन्याशाळेतून दहावी झालेल्या आम्ही काही मैत्रिणींनी शाळेतील विज्ञानाच्या सोयींसाठी चार लाख रुपये देण्याचे ठरवले आहे. डिजिटल फळा आणि संगणकावरील प्रयोगांचा संच घ्यावा, असे संस्थेचे पदाधिकारी सुचवतात. विज्ञानाच्या बाई मात्र म्हणतात की आधी जुनी प्रयोगशाळा नीट करावी. आमच्यापैकी दोघी अमेरिकेत स्थायिक आहेत. पैसे कशावर आणि कसे खर्च करावेत?
— एक माजी विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : बाईंचे ऐकावे. पडद्यावरचा प्रयोग कधीच फसत नाही. तिथे द्रावण सांडत नाही, काच तडकत नाही, आणि त्यामुळे अपेक्षित रंग का आला नाही, हा प्रश्नही मुलीला कधी पडत नाही. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयात लेखी परीक्षेचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे असतात आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात, पण हे २० गुण प्रयोगवहीतल्या नेटक्या आकृत्यांवर मिळून जातात, असा समज बऱ्याच शाळांत पक्का झाला आहे. बाईंनी टेबलावर एकदा प्रयोग करून दाखवायचा, निरीक्षणाचा तक्ता फळ्यावर लिहायचा आणि मुलींनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा, अशा रीतीने शिकलेल्या मुलीच्या हाती परीक्षानळी येते ती थेट परीक्षेच्या दिवशी. आपल्या देणगीने बदलायला हवे ते हे, म्हणून खर्चाच्या प्रत्येक बाबीला एकच कसोटी लावावी : यामुळे प्रत्येक मुलीला स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळेल का?

थोडा हिशेब मांडून पाहा. वर्गात ६० मुली आणि दोन सूक्ष्मदर्शक असतील, तर ३५ मिनिटांच्या तासात एका मुलीच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येते, आणि तेवढ्यात भिंगातून नेमके कुठे पाहायचे हेही तिला उमगत नाही. त्याच वर्गाच्या ३०-३० मुलींच्या दोन तुकड्या केल्या, प्रात्यक्षिकाला लागोपाठ दोन तास दिले आणि १० सूक्ष्मदर्शक ठेवले, तर तीच वेळ २० मिनिटांच्या पुढे जाते. यातील निम्मी सुधारणा वेळापत्रकाची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. देणगी देण्याआधीच मुख्याध्यापिकांशी बसून प्रात्यक्षिकाचे जोडतास पक्के करून घ्यावेत, अशी माझी आपल्याला आग्रहाची सूचना आहे. तसे झाले नाही तर नवे साहित्यही जुन्याच्या शेजारी कुलपात जाऊन बसेल.

त्यानंतर बाईंबरोबर एक दिवस कपाटे उघडून बसावे. काय चालू आहे, काय दुरुस्त होईल आणि काय निकामी झाले आहे, अशा तीन याद्या कराव्यात. डेडस्टॉक नोंदवहीतील, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदीतील, वस्तू परस्पर भंगारात काढता येत नाहीत, त्यांचे रीतसर निर्लेखन करावे लागते, म्हणजे त्या नोंदीतून अधिकृतपणे कमी कराव्या लागतात. याच भीतीने मोडके साहित्य वर्षानुवर्षे जागा अडवून बसलेले असते. चिठ्ठी गळून पडलेल्या बाटल्या मात्र उघडून वास घेऊन ओळखू नयेत आणि मोरीत ओतू नयेत. जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विनंती केल्यास तेथील अनुभवी माणूस येऊन त्यांची वासलात कशी लावायची, हे सांगू शकतो.

खर्चाला सुरुवात पाण्यापासून करावी. प्रत्येक ओट्याजवळ नळ आणि वाहते सांडपाणी नसेल, तर चंचुपात्रे धुवायला मुलींना व्हरांड्यापर्यंत जावे लागते आणि तास त्यातच संपतो. विजेची जोडणी अर्थिंगसह नव्याने करावी, धूर व वाफा बाहेर काढणारा पंखा बसवावा, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. मगच काचसामान, तिपाया, स्पिरिटचे दिवे, साधे विद्युतमापक आणि सूक्ष्मदर्शक घ्यावेत, आणि तेही चार मुलींमागे एक संच येईल एवढ्या संख्येने. एक महागडे यंत्र घेऊन ते काचेच्या पेटीत ठेवण्यापेक्षा दहा साधी उपकरणे वापरून झिजली, तर ते मला जास्त समाधानाचे वाटेल.

सगळी रक्कम एकदम खर्च करू नये, कारण रसायने दरवर्षी संपतात, परीक्षानळ्या दरवर्षी फुटतात आणि त्यासाठी वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठीचे सरकारी पैसे, वेळेवर हाती येईलच, याचा भरवसा शाळेला नसतो. दीड लाख रुपये मुदत ठेवीत ठेवून, त्यांचे व्याज केवळ प्रयोगशाळेसाठीच वापरले जाईल असा संस्थेच्या कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्यावा. व्याजदर ६ टक्के धरला तरी वर्षाला नऊ हजार रुपये हाती येतात, आणि एका माध्यमिक शाळेच्या किरकोळ सामानाला त्यांचा चांगला आधार होतो.

अमेरिकेतील मैत्रिणींबाबत विशेष काळजी घ्यावी. त्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल आणि त्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पैसे देत असतील, तर अडचण नाही. त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांची देणगी २०१० च्या परकीय अंशदान विनियमन कायद्याखाली येते. अशा वेळी संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असल्याशिवाय रक्कम स्वीकारता येत नाही. मैत्रिणीच्या भारतातील खात्यातून ती फिरवून देण्याची पळवाट कोणी सुचवली, तर ती साफ नाकारावी. तिचा त्रास पुढे शाळेलाच होतो.

पदाधिकाऱ्यांना आधुनिक काही हवे असेल, तर त्यांना अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करण्यास सांगावे. नीती आयोगाच्या २०१६ पासूनच्या या योजनेत निवड झालेल्या शाळेला उभारणीसाठी १० लाख आणि चालवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत १० लाख असे अनुदान मिळू शकते. त्यातून इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, संवेदक, त्रिमितीय मुद्रक असे साहित्य येते. ते मुलींना अवश्य मिळावे, पण आम्ल आणि आम्लारी यांचा प्रयोग त्यातून होत नाही, म्हणून या लॅबला मूळ प्रयोगशाळेची जागा देऊ नये.

प्रश्न : मी कोकणातील एका कन्याशाळेत विज्ञान शिकवते. आमच्या सूक्ष्मदर्शकांतून सर्व काही धुरकट दिसते. नव्यासाठी पैसे नाहीत. जुने वाचवता येतील का?
— एक शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : पुष्कळदा येतात. पावसाळ्यातील दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. प्रकाशासमोर भिंग धरल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशीच समजावी. भिंगाचा बाहेरचा पृष्ठभाग भिंगे पुसण्याच्या कागदावर अगदी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावा. ओढणीच्या टोकाने पुसण्याची सवय मुलींना लागू देऊ नये, कारण त्यातील धूळ भिंगावर ओरखडे पाडते. वस्तुभिंग, म्हणजे काचपट्टीजवळचे खालचे भिंग, स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नये. बुरशी आत गेली असेल, तर ते दुरुस्तीला द्यावे. पुष्कळदा खरा दोष खालून प्रकाश पाठवणाऱ्या आरशातच असतो. त्याचा पारा उडालेला असतो आणि आरसा नव्याने बसवून घेणे भिंगाच्या मानाने फारच स्वस्त पडते.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये, ओल आतच कोंडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. निळे जेल गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करून घेता येते. आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला साधन बाहेर काढून वापरावे.

वापर सुरू करायला कांदा पुरतो. कांद्याची एक आतली पाकळी घेऊन तिच्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडिनचा एक थेंब टाकायचा आणि आच्छादक काच तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडायची. ती सपाट टाकली की हवेचा बुडबुडा अडकतो आणि मुलगी त्या काळ्या काठाच्या वर्तुळालाच पेशी समजून आकृती काढते. तिला ती तशी काढू द्यावी, मग शेजारणीची काचपट्टी दाखवावी. दोन्हींतला फरक तिचा तिला कळला, की तो ती विसरत नाही. दहापट नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, आणि दहापट वस्तुभिंग मिळून शंभरपट आवर्धन होते आणि विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या पेशी स्पष्ट दिसतात. साहित्याविना करता येण्याजोग्या प्रयोगांसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून बनवलेली विज्ञान खेळणी हे दोन उत्तम आधार आपल्याकडे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. एका मुलीचा गणवेश आम्लाने जळाल्यापासून तिच्या शाळेत मुलींना रसायनांना हात लावू देत नाहीत. शाळेची भीती मला समजते, पण हे योग्य आहे का?
— एक पालक, लातूर

उत्तर : योग्य नाही, आणि आपण ते शाळेला स्पष्ट सांगावे. भीती खरी आहे, परंतु तिच्यावरचा उपाय नियम हा आहे. संहत, म्हणजे तीव्र आम्ल कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, कुलपात असावे आणि ते विरल, म्हणजे पाण्यात मिसळून सौम्य, करण्याचे काम शिक्षकांनीच करावे. तेही नेहमी पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडून, आम्लात पाणी कधीही नाही. मुलींच्या हाती विरल द्रावणच द्यावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, अंगात सुती ॲप्रन, वेणी बांधलेली, ओढणी ॲप्रनच्या आत आणि पायांत बंद बूट असल्याशिवाय ओट्याशी उभे राहू देऊ नये. डोळ्यात थेंब उडाला तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन मगच दवाखान्यात न्यावे. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. पेटत्या दिव्यात स्पिरिट भरू नये. वाळूची बादली भरलेली असावी.

मुलींच्या काळजीपोटी त्यांना दूर ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दुर्गा भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

पुढच्या पालकसभेत वरील नियमांचा कागद आपण स्वतः मांडावा आणि प्रयोगशाळेच्या दारावर तो लावण्याची मागणी करावी. शिवाय चष्मे व ॲप्रन यांसाठी पालक-शिक्षक संघातून वर्गणी काढण्याची तयारी त्याच सभेत दाखवावी, म्हणजे खर्चाचे कारण पुढे करून विषय टाळता येणार नाही. पहिला प्रयोग म्हणून जस्ताच्या खड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ जळती काडी नेण्याचा प्रयोग सुचवावा. वायू परीक्षानळीतच गोळा करावा. काडी जवळ नेताच फट् असा बारीक आवाज होतो. तो प्रत्येक मुलीने स्वतः काढावा आणि पहिल्या तासाला हवे तर चार पालकांनीही तिथे उभे राहावे.