सकाळी उठल्या उठल्या डोकं भणभणतं, त्याचं काय?

"मॅडम, अजून अंथरुणातच असते आणि डोक्यात ऑफिस सुरू झालेलं असतं. मग दिवसभर कशातच लक्ष लागत नाही. आणि मेडिटेशनला वेळ कुठून आणू?"

ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. त्यातलीच एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. डोंबिवलीच्या एक बाई, चाळिशीतल्या, बँकेत नोकरी. व्हिडिओ बघून त्यांनी पाचला उठण्याचा प्रयोग करून पाहिला होता. ध्यान, डायरी, सूर्यनमस्कार, सगळं एकदम. आठवडाभरात ते बारगळलं आणि वर 'मला साधं एवढंही जमत नाही' हा सल राहिला.

आधी मी झोप, भूक आणि रडू येतं का, हे विचारून घेतलं. पहाटेच जाग येणं, तेव्हा मन फार जड असणं आणि दिवस चढेल तसं जरा हलकं वाटणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. असं दोन आठवडे टिकलं तर सवयींच्या मागे न लागता डॉक्टरांना भेटावं. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. या बाईंचं तसं काही नव्हतं.

मग म्हटलं, "उठल्यानंतरचा अर्धा तास जसाच्या तसा सांगा." गजर मोबाइलवर. तो बंद करायला मोबाइल हातात, आणि हातात आलाच आहे म्हणून व्हॉट्सॲप. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप (पाणी आज उशिरा), शाखेच्या ग्रुपवर मॅनेजरनी रात्री साडेअकराला टाकलेलं टार्गेट. अंथरुणातून उठायच्या आत तीन ठिकाणी हजेरी लावून झालेली!

जाग आल्यावर पहिल्या ३० ते ४५ मिनिटांत शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन तसंही वाढतं. अंगात हुशारी यायला ते लागतंच. मेंदूवरची झापड मात्र उतरायला वेळ लागतो. नेमक्या त्या वेळी टार्गेट वाचलं तर छातीत धडधडणारच. यात स्वभावाचा दोष कुठे आला?

म्हणून नवीन काही करायला न सांगता आधी एक गोष्ट काढली. गजराचं साधं घड्याळ आणायचं आणि मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. चहा तर रोज होतोच, तर उकळी येईपर्यंत खिडकीशी उभं राहायचं. डोळ्यांवर उजेड पडला की शरीराच्या घड्याळाला दिवस उगवल्याचं कळतं. तेवढ्यात श्वास सावकाश, घेतला त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावून सोडायचा.

एक गोष्ट त्यांनी स्वतःच शोधली. त्यांची आजी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करायची. बाईंनी श्लोक सोडला, पण दोन्ही तळवे लादीवर टेकवून क्षणभर बसायला लागल्या. "लादी गार लागते. मी घरात आहे, बँकेत नाही, हे तेवढ्यात कळतं." माझ्या कुठल्याही तंत्रापेक्षा हे मला जास्त आवडलं.

लक्ष लागण्यासाठी निघण्याआधी एका जुन्या स्लिपच्या पाठीमागे दिवसाचं एकच काम लिहायचं, तेही वेळेसकट: काउंटरची गर्दी ओसरली की अमुक फाइल. 'बघू, जमेल तेव्हा' यापेक्षा कधी आणि कुठे हे ठरवलेलं काम तडीला जायची शक्यता जास्त असते.

मुलाच्या परीक्षेत हे सगळं कोलमडलं. मोबाइल परत उशाशी. "एकवीस दिवस पूर्ण झालेच नाहीत," म्हणाल्या. एकवीस दिवसांत सवय लागते, या समजाला फारसा आधार नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंतही लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही. "सगळं पुन्हा सुरू करू नका, आज रात्री फक्त मोबाइल मिक्सरपाशी ठेवा," एवढंच सांगितलं. उरलेला वेळ रात्री साडेअकराच्या मेसेजबद्दल मॅनेजरशी कसं बोलायचं, यात गेला. तो प्रश्न काही चहापाशी उभं राहून सुटणारा नव्हता.