एजंट ‘एरिया सेफ आहे का’ याचं उत्तर का देत नाही

मुक्ता, तू लिहिलंयस की जूनमध्ये न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास यायचं नक्की झालंय. एजंट वीस वर्षांचा अनुभवी आहे, व्हिडिओ कॉलवर घरं छान दाखवतो. पण ‘एरिया सेफ आहे ना? आपली माणसं आहेत ना आजूबाजूला?’ असं विचारलं की ‘त्यावर मी बोलू शकत नाही, पोलिसांची वेबसाइट बघा’ म्हणून विषय बदलतो. आणि तुला वाटतंय, हा काहीतरी लपवतोय.

लपवत नाहीये गं. उलट असं उत्तर देणारा एजंट मला जरा बरा वाटतो.

इथे १९६८चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे. वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा घरात लहान मुलं असणं, यांवरून घर देताना भेदभाव करता येत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याला ठरावीक वस्तीकडे वळवणं याला ‘स्टीअरिंग’ म्हणतात, तेही चालत नाही आणि त्यात एजंटचं लायसन्स जाऊ शकतं. ‘सेफ’ या शब्दावर कायद्यात बंदी नाही. पण कुठला भाग चांगला आणि कुठला वाईट हे सांगता सांगता माणूस कुठल्या लोकांबद्दल बोलायला लागतो, ते आपल्याला पुण्यातून चांगलंच माहीत आहे. म्हणून शहाणे एजंट त्या वाटेलाच जात नाहीत. कोथरूडमध्ये ब्रोकरने आपल्याला पहिला प्रश्न विचारला होता, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ दुसरा होता आडनावाचा. इथे तुझ्या सात वर्षांच्या लेकीचं कारण सांगून कुणी घर नाकारलं, तर तू त्याची तक्रार करू शकतेस.

तेव्हा माणसांबद्दल त्याला विचारू नकोस, घराबद्दल विचार. त्यावर तो तासभर बोलेल, आणि त्याची वीस वर्षं तुला तिथेच उपयोगी पडतील.

आमचंच सांगते. २०२१च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस झाला. आमच्या भाड्याच्या टाउनहाऊसचं बेसमेंट तासाभरात गुडघाभर भरलं. लग्नाचे अल्बम, हिवाळ्याचे कोट, पोरांची खेळणी, सगळं पाण्यात. भाड्याने घेताना मालकाला विचारलं होतं, तेव्हा ‘कधीच पाणी आलं नाही’ म्हणाला होता. नंतर घर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा जी एजंट मिळाली, ती कुठल्याही घरात शिरली की आधी बेसमेंटचा जिना उतरायची आणि नाक वर करून वास घ्यायची. किचनच्या ग्रॅनाइटकडे बघायचीसुद्धा नाही. भिंतीला खालच्या हातभर उंचीपर्यंतच नवा रंग दिसला की मला कोपराने ढोसायची. बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप आहे का, वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालतो का, वॉटर हीटरच्या पायाला गंज आहे का, हे सगळं तिने शिकवलं. जुन्या घरांच्या अंगणात जमिनीखाली गाडलेली, घर गरम करायच्या तेलाची टाकी असू शकते आणि ती गळली तर साफसफाईचा खर्च मालकाच्या बोकांडी बसतो, हेही तिच्यामुळेच कळलं. रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणीही तिनेच आग्रहाने करून घेतली. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याच्या वर गेला तर उपाय करून घ्यावा असं सांगतात. पण टाकी आणि रेडॉन या विकत घेतानाच्या गोष्टी. तुम्ही पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, घाई करू नका.

२०२४पासून न्यू जर्सीत पुराच्या धोक्याची माहिती घरमालकाने भाडेकरूलाही द्यायची असते. ती मागून घे, आणि फेमा या सरकारी आपत्ती-संस्थेच्या पुराच्या नकाशावर स्वतः पत्ता टाकून बघ. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, त्याचा वेगळा घ्यावा लागतो. डिपॉझिट म्हणून दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. इथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून सहा महिन्यांचं डिपॉझिट टाका, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. एजंटचं लायसन्स राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर तपासता येतं. पैसे पाठवण्याआधी ते कर.

आता वस्तीचं. ते तुमचं तुम्हालाच करायचंय. पहिले तीन-चार आठवडे कंपनीच्या अपार्टमेंटमध्ये काढा आणि मनात भरलेल्या गल्लीत एकदा मंगळवारी सकाळी आठला, एकदा शनिवारी रात्री दहाला चक्कर मारा. सकाळी स्कूलबसच्या थांब्यावर उभ्या आयांशी बोल. एजंट जे सांगू शकत नाही ते त्या पाच मिनिटांत सांगतील, आणि त्यांच्या बोलण्यातला पूर्वग्रह गाळून घ्यायचं काम तुझं. टाउनच्या पोलिसांचा ९११ हा तातडीचा नंबर सोडून साधा नंबरही असतो. त्यावर फोन करून ‘या रस्त्यावर तक्रारी कसल्या येतात’ असं खुशाल विचार.

इथली घरं पाहून पहिल्यांदा धस्स होतं. ग्रिल नाही, सेफ्टी डोअर नाही, वॉचमन नाही, मागे अख्खा काचेचा सरकता दरवाजा. माझ्या आईने पहिल्या रात्री त्या दाराला सोफा लावून ठेवला होता! भीतीचं तेवढं कारण नाही, पण आपल्या लोकांची एक वेगळी जोखीम आहे: सोनं. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही माहीत आहे आणि तेवढ्यासाठी आपली घरं हेरणाऱ्या टोळ्या इथे पकडल्या गेल्या आहेत. मंगळसूत्र, बांगड्या ठीक. पाटल्या, तोडे, सासूबाईंचा चपलाहार तिकडेच लॉकरमध्ये राहू दे. साध्या विम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई फार थोडी मिळते, वेगळी नोंद केली तरच पूर्ण. आणि भारतात गेल्यावर गणपतीचे फोटो त्याच दिवशी फेसबुकवर टाकू नकोस. पोस्टाला सांगून टपाल तीस दिवसांपर्यंत थांबवता येतं. हिवाळ्यात जाणार असलात तर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला कुणाला तरी सांगून ठेवा, कारण पाऊलही न उमटलेला बर्फ म्हणजे दारावर लावलेली पाटीच. गाडीची किल्ली गाडीत विसरू नका. इथे गाड्या जातात त्या बऱ्याचदा अशाच.

एक घरगुती गोष्ट. लाल मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलणार. बऱ्याच अपार्टमेंटमधली चिमणी धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत आपल्याच तोंडावर सोडते. घर बघताना हूड चालू करून त्याच्या वरच्या बाजूला हात धर आणि हवा तिथून परत येते का ते बघ. काहीही झालं तरी अलार्म काढून ठेवू नकोस. खिडकी उघड, त्याच्यासमोर टॉवेल हलव. आम्ही सगळे तेच करतो.

शाळा पत्त्यावर ठरते. एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन घरांची शाळा वेगळी असू शकते, म्हणून लीजवर सही करण्याआधी शाळेच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला पत्ता कळवून खात्री कर, एजंटच्या तोंडी सांगण्यावर नको.

तुला आवडलेल्या तीन घरांचे पत्ते मला पाठव. शनिवारी आम्ही किराण्याला ओक ट्री रोडला जातोच, वाटेत उतरून बेसमेंटचा वास घेऊन येते.

— मेधाताई