चरबी कमी करायची असेल तर वजने उचलावीत का?

तुम्ही आपली माहिती अशी दिली आहे : वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, आणि नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारा आकडा) ५.९. चार महिने रोज तासभर चालूनही वजन दोनच किलोंनी उतरले. त्यातच प्रशिक्षकाने ‘आधी ट्रेडमिलवर चरबी घालवा, वजने नंतर पाहू, नाहीतर आहे ती चरबी घट्ट होऊन बसेल’ असे सांगितल्यामुळे तुमच्या मनात संभ्रम निर्माण झाला आहे. मी गेली बारा वर्षे नियमितपणे वजनांचा व्यायाम करीत आहे आणि त्याआधी केवळ चालून व उपाशी राहून वजन उतरवण्याचा प्रयोगही स्वतःवर केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चरबी घट्ट होण्याची भीती प्रथम मनातून काढून टाकावी. चरबीच्या पेशी आणि स्नायूंचे तंतू या शरीरातील दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चरबीचा स्नायू होत नाही आणि व्यायाम थांबवल्यावर स्नायूची चरबीही होत नाही. व्यायाम सुटला की स्नायू क्षीण होतात आणि खाणे पूर्वीइतकेच राहिले तर चरबी साठते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, त्यामुळे पाहणाऱ्याला एकाचे दुसऱ्यात रूपांतर झाल्यासारखे वाटते, इतकेच. त्यामुळे आधी चरबी आणि मग वजने, असा क्रम लावण्याचे काही कारण नाही.

आता मूळ प्रश्न. वजने उचलताना चरबी फार मोठ्या प्रमाणात जळते असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. मध्यम जोराने, मधे विश्रांती घेत केलेल्या तासाभराच्या व्यायामात तुमच्या वजनाच्या व्यक्तीचे सुमारे २५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एका वडापावाच्याही आतच. भरभर चालण्यात तेवढ्याच वेळात याहून थोडे अधिकच खर्च होतात. ‘स्नायू वाढले की झोपेतही चरबी जळते’ या वाक्यातही तथ्य थोडे आणि फुगवटा फार आहे. एक किलो स्नायू विश्रांतीच्या स्थितीत दिवसाला साधारण १३ कॅलरी वापरतो आणि एक किलो चरबी साडेचार. वर्षभर मेहनत करून दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाला २६ कॅलरींची भर पडते, आणि ती अर्धा कप साखरेच्या चहाने भरून निघते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा, हे ध्यानात घेतले म्हणजे हा हिशेब किती तोकडा आहे ते कळते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. वजन जास्त असलेल्या ११९ बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींना आठ महिने व्यायाम दिला होता. काहींना केवळ दमसासाचा, काहींना केवळ वजनांचा आणि काहींना दोन्ही. आहार कोणाचाच कमी केलेला नव्हता. चालणे-धावणे करणाऱ्यांची चरबी घटली, तर केवळ वजने उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले पण चरबीत म्हणण्यासारखी घट झाली नाही. खाणे तसेच ठेवून केवळ वजने उचलून चरबी घटेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

मग मी वजनांचा एवढा आग्रह का धरतो? कारण आपण कमी खाऊ लागतो तेव्हा शरीर तूट भरून काढण्यासाठी केवळ चरबीला हात घालत नाही, स्नायूंनाही घालते. नुसत्या आहारावर उतरलेल्या वजनात ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. किती वजन उतरेल हे मुख्यतः ताटावर ठरते. उतरलेले वजन कशाचे असेल, हे ठरवण्यात वजनांच्या व्यायामाचा वाटा फार मोठा असतो. जड वजन उचलणारा स्नायू शरीराला रोज लागतो, म्हणून तो राखला जातो आणि तुटीचा भार चरबीवर पडतो.

याचे मला पटलेले उत्तम उदाहरण म्हणजे २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला, १६० स्थूल ज्येष्ठ नागरिकांचा सहा महिन्यांचा अभ्यास. आहार कमी करून त्याच्या जोडीला एका गटाला चालण्यासारखा, दुसऱ्याला वजनांचा आणि तिसऱ्याला दोन्ही प्रकारचा व्यायाम दिला. वजन तिन्ही गटांचे सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. मात्र चरबीविरहित वस्तुमान पहिल्या गटाचे ५ टक्के घटले, वजने उचलणाऱ्यांचे २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्के. शरीराच्या एकंदर कार्यक्षमतेत सर्वाधिक सुधारणा तिसऱ्या गटात झाली. म्हणून तुमचे चालणे मी मुळीच बंद करायला सांगणार नाही.

माझा स्वतःचा अनुभव याच्याशी जुळतो. २००९ साली मी ८६ किलो होतो. रोज तळजाईच्या टेकडीवर जाऊन आणि रात्रीचे जेवण सोडून पाच महिन्यांत १२ किलो उतरवले आणि सर्वांनी कौतुक केले. पण दंड आणि मांड्या बारीक झाल्या, पोट मात्र उरलेच, आणि पाण्याचा जार उचलून ठेवतानाही दम लागू लागला. दीड वर्षात वजन परत आले तेव्हा त्याच वजनाला कंबर आधीपेक्षा मोठी भरली, कारण गेले होते त्यात स्नायूही होते आणि परत आली ती बहुतेक चरबीच. दुसऱ्या खेपेस घराजवळच्या व्यायामशाळेत वजने उचलू लागलो. सात महिन्यांत केवळ ७ किलो उतरले, पण कंबर ११ सेंटिमीटरने कमी झाली.

आपल्या लोकांच्या बाबतीत या मुद्द्याला अधिक महत्त्व आहे, आणि ते दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी आपल्याकडील अनेकांची ठेवण असते. आधीच कमी असलेले स्नायू उपाशी राहून आणखी घटवणे आपल्याला परवडणारे नाही. शिवाय जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा भाग स्नायूच उचलतात. तुमचा एचबीए१सी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून तुमच्यासाठी तर स्नायू जपणे हे दिसण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

स्नायू राखायचे तर प्रथिने पुरेशी हवीत, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात ४० तरुण पुरुषांचा आहार चार आठवडे ४० टक्क्यांनी कमी करून त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलोमागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची चरबी सरासरी ४.८ किलोंनी घटली आणि चरबीविरहित वस्तुमान १.२ किलोंनी वाढले, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोंनी घटली आणि वस्तुमान जवळपास तेवढेच राहिले. इतका कठोर प्रयोग घरी करू नये, पण दिशा त्यातून स्पष्ट दिसते. तुम्ही दिवसाला ८० ते ९० ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. तुम्ही शाकाहारी आहात आणि तुमच्या दिवसात सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी व वरण-भात आणि रात्री पुन्हा तेच असते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातून ४०-४५ ग्रॅमच्या पुढे जाणे अवघड आहे, कारण पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच प्रथिने असतात. भात आणि एक पोळी कमी करून त्या जागी मोड आलेल्या मटकीची किंवा चवळीची दाट उसळ, १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम प्रथिने), ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (सुमारे १५ ग्रॅम) आणि दही यांना स्थान द्यावे. शेंगदाण्यांत प्रथिने असली तरी १०० ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, म्हणून कूट सढळ हाताने घालू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस पुरे. त्यात वजन घेऊन बैठका, कंबरेतून पाठ सरळ ठेवून जमिनीवरून वजन उचलणे, छातीपासून ढकलणे, डोक्यावर ढकलणे आणि स्वतःकडे ओढणे, एवढ्या हालचाली असाव्यात. प्रत्येकीचे दोन-तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने, आणि शेवटची दोन खरोखर कष्टाची वाटतील इतके वजन. सर्व आवर्तने सहज होऊ लागली की वजन थोडे वाढवायचे; महिनोन्‌महिने तेच वजन हलवत राहिल्याने फारसे काही साधत नाही. स्त्रियांच्या हाती दोन किलोचे रंगीत डंबेल देऊन पन्नास-पन्नास आवर्तने करून घेण्याची पद्धत मला मनापासून खटकते. स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर सरकवणारी बाई याहून कितीतरी जास्त पेलत असते. केवळ पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, त्यामुळे त्यांत वेळ दवडू नये. पहिला महिना हलक्या वजनावर पद्धत घोटवावी आणि गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर ते प्रशिक्षकाला आधीच सांगावे.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत काटा स्थिर राहिला किंवा किलोभर वर गेला तर घाबरू नये. नव्या श्रमाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, ती वाढ चरबीची नसते. नेमक्या याच टप्प्यावर ‘वजनांनी माझे वजन वाढले’ म्हणून सोडून देणाऱ्या अनेकजणी मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी हळहळलो आहे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून वहीत लिहावी. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत ती असणे चांगले मानले जाते. त्याच वहीत त्या दिवशी बैठकीला किती वजन घेतले तेही लिहावे. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासून हे तिन्ही आकडे कळवावेत; कंबर उतरली नसेल पण उचलण्याचे वजन वाढले असेल, तर व्यायामात बदल न करता आधी ताटातील कॅलरी कुठे निसटत आहेत ते पाहू.