बांग मिनियापोलिसची, भांडण मिरजेचं

पत्र मिनियापोलिसहून आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देते.

"ताई, माझा नवरा रात्री पुण्याच्या टीमबरोबर कॉलवर असतो, दोन-अडीचला झोपतो. सासू-सासरे मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. घरापासून दोन गल्ल्यांवर मशीद आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे अजान ऐकू येते. पहाटेच्या अजानीने नवऱ्याची झोप मोडते, मला स्वतःला काही वाटत नाही. पण आबांनी गॅलरीतून व्हिडिओ काढला, 'अमेरिकेतही सुटका नाही' असं लिहून मिरजेच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो फिरत फिरत इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला. आता त्यातले चारपाच जण सिटी कौन्सिलला निवेदन देणार म्हणताहेत आणि पहिली सही आबांची हवी असा आग्रह आहे! माझा मुलगा चौथीत आहे. त्याचा जिवलग मित्र सोमाली, आमच्याच मजल्यावरचा. परवा तो खेळायला आला तर आबा पेपर घडी करून आत निघून गेले. मुलगा मला विचारतो, आबा रागावलेत का? नवरा म्हणतो, चार महिने काढ, मग जातीलच ते परत."

चार महिने फार होतात हो. मित्राला घरी आणायचं की नाही, हे ठरवायला चौथीतल्या मुलाला एक शनिवारसुद्धा पुरतो.

आधी सहीचं बघू. आबांनी सही करू नये. ते इथे पाहुणे आहेत. शहराच्या कारभाराबद्दलच्या निवेदनावर पहिलं नाव व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाचं असेल, तर निवेदन देणाऱ्यांचंच हसं होईल. शिवाय ज्याच्याविरुद्ध हे निवेदन आहे ते चोरूनमारून चाललेलं नाही. 2020 च्या रमजानमध्ये, कोविडमुळे मशिदीत जमता येत नव्हतं तेव्हा, सीडर-रिव्हरसाइडमधल्या दार अल-हिज्रा मशिदीतून स्पीकरवर अजान द्यायला शहराने परवानगी दिली. 2022 मध्ये कौन्सिलने ठराव केला, पण तो सकाळी सात ते रात्री दहा एवढ्याच वेळेपुरता. तुमच्याकडे जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि नऊनंतर मावळतो. म्हणजे पहाटेची आणि रात्रीची अजान या वेळेबाहेरच राहायची. म्हणून 13 एप्रिल 2023 ला कौन्सिलने एकमताने आवाजाचा नियमच बदलला, महापौर जेकब फ्रे यांनी त्यावर सही केली आणि पाचही वेळांची वाट मोकळी झाली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे पहिल्यांदाच घडलं. ख्रिस्ती आणि ज्यू धर्मगुरूंनीही पाठिंबा दिला होता. ठरावाला पंधरा दिवस होत नाहीत तोवर शहरातल्या दोन मशिदींमध्ये आगी लावण्यात आल्या. तुमच्या ग्रुपवरच्या निवेदनाला ही अशी पार्श्वभूमी आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे का, ते एकदा विचारा. आणि मिनियापोलिसजवळच्या मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात एप्रिल 2006 मध्ये, मंदिर उघडायच्या आधीच, मूर्ती फोडल्या होत्या. ते जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता नवऱ्याची झोप. ती मोडते, हे खरं आहे आणि ते बोलायला काहीच हरकत नाही. अडीचला झोपलेल्या माणसाला पहाटे जाग आली तर तो चिडणारच, मग आवाज मशिदीचा असो, चर्चच्या घंटेचा असो की कचऱ्याच्या ट्रकचा. पण तक्रार झोपेचीच राहू द्या. एक वही घ्या. आठवडाभर तारीख, वेळ, किती मिनिटं, खिडकी उघडी की बंद, एवढंच लिहा. मग नवऱ्याने मशिदीत जाऊन तिथल्या व्यवस्थापकांना भेटावं. दुपारी जावं, शुक्रवार सोडून. "मी रात्रपाळी करतो, पहाटेचा आवाज आमच्या बेडरूमवर थेट येतो, स्पीकरचं तोंड थोडं वळवता येईल का?" एवढंच विचारावं. अशी विनंती तिथे पहिल्यांदाच येत असेल असं मला वाटत नाही. नाहीच जमलं तर 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकाला, फोन आहे. तिथेही वेळ आणि आवाज सांगायचा, धर्म काढायचा नाही. चर्चच्या घंटेला एक माप आणि अजानीला दुसरं, असं तिथल्या शहराला करताच येत नाही.

मिशिगनमधल्या हॅमट्रॅमकमध्ये हा वाद 2004 मध्येच होऊन गेला. पोलिश कॅथलिकांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव, आणि तिथल्या बांगलादेशी मशिदीने स्पीकरची परवानगी मागितली. कौन्सिलने दिली, विरोधकांनी प्रश्न मतदानाला नेला, परवानगी कायम राहिली. घंटा वाजतच होत्या, त्यांत अजानीची भर पडली.

इथे आमचंच एक सांगते. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव एका शाळेच्या पार्किंगमध्ये चालायचा. तीस ढोल, आठ ताशे, रविवारची दुपार. तिसऱ्या रविवारी पोलीस आला. गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून एक आवर्तन पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, समोरच्या घरात नाइट ड्यूटीची नर्स आहे, ती तीन रविवार झोपलेली नाही. आमच्यातला एकजण लगेच सरसावला, "दिस इज अवर रिलिजन." पोलिसाने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "रिलिजन चारनंतर चालेल का?" आम्ही चारनंतर वाजवायला लागलो. नर्सबाईंना मोदकांचा डबा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण मोदक आवडल्याचं काही बोलल्या नाहीत. ते असो.

या आठवणीला दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या मिसिसागामध्ये 2020 च्या रमजानमध्ये संध्याकाळच्या अजानीला परवानगी मिळाली तेव्हा विरोध करणाऱ्यांत आपली भारतीय माणसं पुष्कळ होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या कौन्सिलने हिंदू मंदिरांनाही सणांच्या दिवसांत, गणेश चतुर्थी धरून, संध्याकाळी थोडा वेळ बाहेर स्पीकरवर स्तोत्रं लावायची मुभा दिली. त्याच भागातल्या भारतीय वंशाच्या एका इस्टेट एजंटाने अजानीवरून उंट-बकऱ्यांचं कुत्सित ट्वीट केलं. त्याचं काम गेलं आणि शाळेच्या पालक परिषदेतलं पदही गेलं. चार ओळींचं ट्वीट होतं. तुमच्या ग्रुपवरच्या मंडळींना वाटतं की ग्रुप म्हणजे घरचा ओटा. शंभर-दोनशे माणसांचा ओटा कुठे असतो? आबांचा व्हिडिओ मिरजेहून परत मिनियापोलिसला किती तासांत आला, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यात तुमच्या इमारतीची गॅलरी दिसत असेल तर तो आजच काढायला सांगा.

आता आबा. खरं सांगायचं तर पत्रात मला सगळ्यात खटकलं ते गावाचं नाव. मिरजेचा माणूस अजानीने दचकेल? मीरासाहेबांचा दर्गा गावाच्या मध्यभागी, तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांची घरं त्याच गावात, उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं. त्या गावात माणसं बांगेवर घड्याळ लावायची. आबांनी साठसत्तर वर्षं पाच वेळा ऐकलेला आवाज त्यांना इथे नव्याने कसा बोचेल?

म्हणून मला वाटतं, त्यांना बोचतंय ते दुसरंच काहीतरी आहे. सप्टेंबर 2009 मध्ये गणपतीत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, विसर्जनं अडून राहिली. पुढे 2022 मध्ये भोंग्यांवरून महाराष्ट्रभर तापलं, 3 मेची मुदत, हनुमान चालिसा, सगळं टीव्हीवर महिनाभर. आबांनी हे जवळून पाहिलं असेल, त्यात त्यांचं कुणी अडकलंही असेल. माझा अंदाज चुकतही असेल, पण एकदा विचारून बघा: "आबा, 2009 ला तुम्ही कुठे होता?" आणि मग मध्ये बोलू नका. त्या दंगलीशी या सोमाली माणसांचा काडीचा संबंध नाही. ती सोमालियातलं यादवी युद्ध चुकवून आली, बर्फात संसार मांडला. त्यांना अफजलखान कोण तेही ठाऊक नसेल.

आणि आबा कायद्याचं बोलले तर कायदा त्यांच्या गावचाच सांगा. आपल्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, हे नियम 2000 पासून आहेत. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा सांगितलं. 'कुठल्याही' या शब्दात विसर्जनाचा डीजेही येतो. तो डीजे आबांनाही नकोसा होत असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

पण हे सगळं तुम्ही सांगायचं नाही. सुनेने सासऱ्यांना मशिदीवरून समजावायला गेलं की तिसऱ्या वाक्याला विषय मशिदीवरून सुनेवर येतो. हे काम मुलाने करायचं. "चार महिने काढ" म्हणून कॉलवर जाऊन बसलेल्या मुलाने. त्याने बापाला फिरायला न्यावं आणि स्पष्ट सांगावं की सही होणार नाही, व्हिडिओ निघेल आणि नातवाचा मित्र दारात आला की खुर्चीतून उठून आत जायचं नाही. बोलायचं नसेल तर नका बोलू, पेपर वाचत बसा. एवढं वडिलांना सांगता येत नसेल, तर मुलाच्या मित्रासमोर आपण रोज काय करतो, याचा विचार त्याने करावा.

मुलाला काय सांगायचं? खोटं सांगू नका. "आबा रागावले नाहीत, त्यांना झोप आली होती" हे मुलं पकडतात. "आबांच्या गावात खूप आधी एक मोठं भांडण झालं होतं, ते त्यांना अजून आठवतं. तुझ्या मित्राने काहीही केलेलं नाही. तो यायचा थांबणार नाही." त्याने आणखी विचारलं तर अजानीत काय म्हणतात ते मित्रालाच विचारायला सांगा. पहाटेच्या अजानीत एक ओळ जास्त असते, झोपेपेक्षा प्रार्थना बरी, अशा अर्थाची. आबांना ती सांगा. काकडआरतीला उठवणाऱ्या आईची त्यांना आठवण आली तर आली.

आणि एक जमलं तर करा. शनिवारी आबांना घेऊन कारमेल मॉलला जा, सोमाली लोकांची दुकानं आहेत तिथे. चहाला ते 'शाह' म्हणतात, त्यात वेलदोडा, दालचिनी, दूध, अगदी आपल्यासारखं. बरोबर सांबुसा घ्या, म्हणजे आपला समोसाच, बहुतेक खिम्याचा असतो, तेव्हा आबा शाकाहारी असतील तर आधी विचारून घ्या. मुलाचा मित्र आला तर त्यालाच ऑर्डर द्यायला सांगा. चहात साखर मात्र भरपूर असते. आबांना मधुमेह असेल तर कमी सांगा.