उजेड मोजण्यासाठी वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडून केलेल्या एचडीआर फोटोत मधलं ग्रे कार्ड (१८ टक्के प्रकाश परावर्तित करणारं करडं कार्ड) मीटरशी जुळतं, पण कडेची भिंत फार अंधारी येते. चित्रातल्या किमती मीटरशी जुळवणारा गुणक बदलू का?

नको. गुणक सगळ्यात शेवटी काढायचा असतो. तुमच्या वर्णनावरून दोष व्हिनेटिंगचा, म्हणजे कडा अंधारण्याचा, दिसतो. फिशआय (अतिशय रुंद कोनाच्या) लेन्समधून कडेला प्रकाश कमी पोचतो, अॅपर्चर जितकं उघडं तितका कमी. अख्ख्या चित्राला एकच आकडा लावून ही घट भरून निघत नाही.

आधी तिचा आलेख काढा. न बदलणाऱ्या दिव्याखाली कार्ड ठेवा आणि ट्रायपॉडवर कॅमेरा थोडा थोडा फिरवत ते मधून अगदी कडेपर्यंत न्या. प्रत्येक वाचनाला मधल्या वाचनाने भागा. हा आलेख त्या एका अॅपर्चरपुरताच खरा, म्हणून एक्सपोजर फक्त शटरने बदला. आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्सही हाताने लावून तसेच ठेवा.

प्रत्येक पिक्सेलला आलेखातल्या त्याच्या जागेच्या आकड्याने भागून ही दुरुस्ती झाली की गुणक सोपा आहे: मीटरचं वाचन भागिले त्याच कार्डाच्या पिक्सेलांची सरासरी ल्युमिनन्स (पृष्ठभाग आपल्या दिशेने किती उजळ दिसतो त्याचं माप). (रेडियन्स या प्रकाशगणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर पिक्सेलच्या किमतीला आधी १७९ ने गुणायला विसरू नका.) ल्युमिनन्स मोजणारा स्पॉट मीटर नसेल तर कार्डावर लक्समीटर (पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) ठेवा. ५०० लक्स गुणिले ०.१८ भागिले पाय, म्हणजे साधारण २८.६ कँडेला प्रति चौरस मीटर. कार्ड मॅट हवं, चकाकणाऱ्या कार्डाला हे सूत्र लागू नाही. आणि ढगांकडे लक्ष ठेवा: फोटोंच्या आधी आणि नंतर मीटर वाचा, दोन्हींत मोठा फरक दिसला तर ती मालिका सरळ टाकून द्या.

एवढं करूनही एका कार्डावर माझा विश्वास बसत नाही. लेन्सच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून लक्समीटर धरा. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलची ल्युमिनन्स, त्याचा घनकोन (लेन्सपासून दिसणारा त्याचा आवाका) आणि लेन्सच्या दिशेशी त्याच्या कोनाचा कोसाइन यांच्या गुणाकारांची बेरीज त्या वाचनाजवळ यायला हवी. चित्रात सूर्य असेल आणि बेरीज बरीच कमी येत असेल, तर सर्वांत कमी एक्सपोजरच्या फोटोतही सूर्य पांढरा फटक झालाय. स्वच्छ आकाशातल्या सूर्याची ल्युमिनन्स अब्ज कँडेला प्रति चौरस मीटरच्या घरात असते, नुसत्या शटरने ती पकडता येत नाही. तिथे एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावा. गुणक वाढवून बेरीज जुळवलीत तर भिंती नसत्या उजळतील, सूर्य मात्र कमीच राहील, आणि त्यावरून काढलेला चकाकीचा निर्देशांक (उजेड डोळ्यांना किती खुपतो याचा आकडा) वापरण्याजोगा उरणार नाही.