तिसरी की चौथी?

प्रश्न : मौलानासाहेब, अस्सलामु अलैकुम. माझं वय ६२, राहायला कोंढव्यात. मराठी शाळेत शिक्षिका होते. वर्षभर झालं, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, चार रकातींच्या फर्ज (अनिवार्य) नमाजेत हटकून घोळ होतो. तिसरी रकात (उभं राहणं, रुकू, सजदे अशी नमाजेची एक फेरी) झाली की चौथी, आठवतच नाही. मग सगळी पुन्हा पढते. परवा तीनदा पढले, तरी पलंगावर पडल्यावर शंका आलीच. माझं माहेर सोलापूरचं, तिथे 'शंका आली की पुन्हा पढ' असंच शिकवलं. सासूबाई कोकणातल्या, त्या म्हणायच्या, कमी धर आणि पुढे चल. कुणाचं ऐकू?

उत्तर : व अलैकुम अस्सलाम, आपा. तीनदा नको. शाळेत एक गणित चुकलं म्हणून पोरांना अख्खी वही पुन्हा लिहायला लावली नसेल तुम्ही.

सासूबाईंचं बरोबर होतं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आपण देशावरचे हनफी; हे दोन फिक्ही पंथ, नमाजेचे बारीक नियम दोघांचे थोडे वेगळे. शाफईंकडे सरळ हिशेब : तीन की चार? तीन धरा, एक पढा, आणि शेवटी सलाम फेरण्याआधी, म्हणजे मान वळवून सलाम म्हणत नमाज संपवण्याआधी, दोन सजदे (कपाळ जमिनीला टेकणं) करा. हाच सजदा-ए-सह्व, विसरण्याचा सजदा.

माहेरचंही खोटं नाही, अर्धं आहे. 'पुन्हा पढ' हे ज्याला अशी शंका सहसा येत नाही त्याला. तुमच्यासारखं वरचेवर होत असेल, तर मन ज्या आकड्याकडे झुकतं तो धरायचा. कुठेच झुकत नसेल तर कमी धरायचा. मात्र हनफी रीतीने त्या 'तिसरी'नंतरही बसून अत्तहिय्यात (बैठकीत पढायची दुआ) पढा, कारण तीच चौथी असू शकते. मग उठून एक रकात, पुन्हा अत्तहिय्यात, फक्त उजवीकडे सलाम, दोन सजदे. नंतर अत्तहिय्यात, दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), दुआ आणि दोन्हीकडे सलाम. रुकू (कमरेतून वाकणं) किंवा सजदाच सुटला असेल तर मात्र नुसत्या या दोन सजद्यांवर भागत नाही, सुटलेलं आधी पुरं करावं लागतं.

लाज कसली वाटून घेता? खुद्द पैगंबरांनी एकदा चारच्या जागी दोनच रकातींवर सलाम फेरला आणि मशिदीतल्या एका लाकडाला टेकून उभे राहिले. अबू बक्र आणि उमर तिथेच होते, पण बोलायचा धीर झाला नाही. विचारलं ते झुल-यदैन नावाच्या सोबत्यांनी : नमाज कमी झाली की आपण विसरलात? मग उरलेल्या दोन पढल्या गेल्या आणि दोन सजदे झाले. सहीह बुखारी या हदीसच्या ग्रंथात आहे हे. गंमत म्हणजे ती नमाज नेमकी कुठली, हे सांगताना, ही हकीकत पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांच्याकडून ऐकून पुढे सांगणारे इब्न सीरीन म्हणतात, अबू हुरैरांनी नाव सांगितलं होतं, मीच विसरलो!

माझीही फजिती सांगतो. ऐन रमजानात, जोहरला (दुपारच्या नमाजेला) इमाम म्हणून पुढे असताना, चौथीनंतर न बसता मी पाचवीला उभा राहिलो. मागच्या रांगेतून एका पोराचा कोवळा आवाज आला, 'सुब्हानल्लाह!' इमाम चुकला की असंच सुचवतात. पाचवीचा सजदा व्हायचा होता म्हणून खाली बसलो, शेवटी सजदा-ए-सह्व केला. माझ्यामागे सगळ्यांनीच केला. बाहेर चपला घालताना तो पोरगा माझ्याकडे बघेना.

राहिली पलंगावरची शंका. सलाम फेरल्यावर नुसतं 'झाली का नाही' वाटलं, तर ते हनफी-शाफई दोन्हीकडे धरत नाहीत. एक रकात राहिलीच असं पक्कं आठवलं तरच उठा, नाहीतर कूस बदला आणि झोपा.